सोनकांबळे सरांच्या बाटल्या

सोनकांबळे सरांचं औषध शेवटी जमलं का, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. गंजगोलाईत भाजी घेताना जुना विद्यार्थी भेटतो, वाकून नमस्कार करतो आणि दुसऱ्याच वाक्याला हा प्रश्न टाकतो. लग्नात शेजारच्या खुर्चीवरची बाई विचारते. लातूरच्या फार्मसी कॉलेजात सरांच्या शेजारच्या टेबलावर मी अठरा वर्षं बसले, तेव्हा मला माहीत असायलाच हवं, असं लोकांना वाटतं. माझी मात्र पंचाईत होते. हो म्हणावं तर खोटं आणि नाही म्हणावं तरी खोटंच. मग मी पाऊसपाण्याचं काहीतरी बोलून तिथून सटकते.

खुद्द सरांना विचारलं, तर ते एका वाक्यात मोकळे होतील. "मला माहीत न्हाई."

हे त्यांचं वर्गातलंही वाक्य. मुलानं शंका विचारली की सर चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "मला माहीत न्हाई. उद्या सांगतो." आणि उद्या खरंच सांगायचे. मुलगा विसरलेला असला तरी जिन्यात गाठून सांगायचे. एकदा कॉलेजच्या तपासणीला बाहेरून बडी मंडळी आली होती. अमक्या यंत्रावर वर्षभरात किती प्रयोग होतात, असं त्यांनी विचारलं. काय सांगायचं ते प्राचार्यांनी आदल्या दिवशीच सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. पण सरांनी चष्मा काढला आणि प्राचार्यांनी तिथंच कपाळाला हात लावला. मुलांनी त्यांचं नाव 'माहीतन्हाई सर' पाडलं होतं. सरांच्या कानावर ते गेलं होतं. "चांगलं नाव हाय की," ते म्हणाले, "खोटं तर न्हाई."

सर मूळचे उमरी तालुक्यातल्या एका खेड्यातले. शिक्षण नांदेडला झालं, नोकरी लातूरला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम बंद पडलेलं. जिना उतरून खाली आले की नळ बंद केला का, ते बघायला पुन्हा वर जायचे. डबा खाऊन झाल्यावर मला विचारायचे, "मॅडम, भाजी कशाची होती?" मला हसू यायचं आणि कधीकधी वैतागही यायचा. माझ्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन "पोळी मऊ होती" म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, सांगा.

पण एक गोष्ट सर कधी विसरले नाहीत. ती त्यांच्या थोरल्या बहिणीची, अक्काची. अक्का गावीच राहतात. त्यांना साखरेचा आजार, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं. इन्सुलिन गार जागी ठेवावं लागतं. घरात फ्रिज नाही, आणि असता तरी उन्हाळ्यात वीज कुठं असते? म्हणून तिकडे सगळे करतात तेच अक्काही करायच्या. माठाखालच्या ओल्या वाळूत बाटली पुरून ठेवायच्या. एका मे महिन्यात त्या पुतणीच्या लग्नाला आठ दिवस गेल्या. मागे माठ कोरडा पडला, वाळू तापली. परत येऊन त्या तीच बाटली टोचत राहिल्या आणि साखर काही केल्या उतरेना.

"डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही लग्नात गोड खाल्लं. अक्का म्हणे, न्हाई खाल्लं. कुणाला खरं वाटंना. मलाबी न्हाई वाटलं, मॅडम. मी फोनवर रागावलो तिच्यावर." हे सांगताना सर डब्याचं झाकण लावत-काढत राहायचे. "पुढं नवी बाटली आणली आणि चार दिवसांत साखर जागेवर आली. औषध सडलं होतं. बाटली दिसायला तशीच होती. माझी बहीण खरं बोलून राहिली होती आणि आम्ही सगळे शिकलेले तिला खोटी ठरवून राहिलो होतो."

त्या उन्हाळ्यानंतर सर त्या कामाला लागले. फ्रिजबाहेर, मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पत्र्याखाली टिकेल असं इन्सुलिन त्यांना बनवायचं होतं. मुलांना ते तुरीच्या शेंगेवरून समजावून सांगायचे. "शेंग तापली म्हणून आतला दाणा लगेच भाजत न्हाई. मला इन्सुलिनसाठी शेंग बनवायचीय. एवढी बारीक, की केसाच्या जाडीत हजार शेंगा शेजारी शेजारी बसाव्यात." त्या शेंगांना शास्त्रात नॅनोकण म्हणतात. कोळंबीच्या कवचातून काढलेली पावडर आणि एका जातीची साखर एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. समुद्र लातूरपासून किती लांब, पण सरांच्या कपाटात कायम कोळंबीचं कवच. आमच्या शाकाहारी प्रयोगशाळा सहायकानं त्या कपाटाला कधी हात लावला नाही.

कॉलेजात ओव्हन होता. त्यात पंचेचाळीस अंशांवर बाटल्या ठेवून बघता आलं असतं, आणि सरांनी बघितलंही. बाटल्या बऱ्यापैकी टिकल्या. मी म्हटलं, झालं की मग. सर म्हणाले, "ओव्हनला रात्र होत न्हाई, मॅडम." दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो, सकाळी पुन्हा तापतो. धूळ बसते, कुणाचा तरी धक्का लागतो. या हेलपाट्यात शेंग तडकते का, ते त्यांना बघायचं होतं. नांदेडला जाताना ते बाटल्या एस.टी.त ड्रायव्हरजवळच्या इंजिनाच्या झाकणावर ठेवायचे. एकदा कंडक्टरला संशय आला. "काय हाय त्येच्यात?" सर म्हणाले, "औषध. खराब होतंय का बघून राहिलो." कंडक्टरनं ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हरनं सरांकडे, आणि अहमदपूरपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मग चाकूर तालुक्यातलं एक गाव ठरलं. तिथल्या पाच घरांत बाटल्या ठेवायच्या, एप्रिल आणि मे, दोन महिने. बाटल्यांवर लाल पट्टी आणि 'वापरू नये' असं ठळक लिहिलेलं. पहिलं घर कौसाबाईंचं. त्यांचा मुलगा आमचाच विद्यार्थी, आता पुण्याला नोकरीत. घरामागे सोयाबीनची पोती ठेवायची पत्र्याची खोली होती. सरांनी तिथल्या फळीवर बाटल्या मांडल्या, खिळ्याला तापमापक टांगला आणि कौसाबाईंना तीनदा बजावलं, "बाटल्या इथंच राहू द्यायच्या. मुद्दाम तापू द्यायच्या. समजलं?"

"हाव सर," कौसाबाई म्हणाल्या. "तुमची अमानत हाय. काळजीच करू नका."

दर रविवारी सकाळी अकराच्या गाडीनं सर त्या गावाला जायचे. पाचही घरी फळी बघायचे, तापमापक बघायचे, आकडा लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी काळवंडलेल्या चेहऱ्यानं लातूरला परतायचे. त्या वर्षी उन्हाळा असा होता की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. जूनमध्ये त्यांनी सगळ्या बाटल्या नांदेडला नेल्या. तिथं एका ओळखीच्यांच्या प्रयोगशाळेत मोठं यंत्र होतं, त्यावर तपासल्या. आणि पाचही घरांतल्या सगळ्या बाटल्यांतलं औषध चांगलं निघालं.

मी सरांना असं कधी बघितलं नव्हतं. ते चक्क धावत जिना चढून आले. नळ बघायलाही थांबले नाहीत. प्राचार्यांनी गेटावर फ्लेक्स लावला, त्यात सरांच्या फोटोपेक्षा प्राचार्यांचा मोठा होता. हैदराबादच्या परिषदेचं बोलावणं आलं. जूनअखेरच्या एका रविवारी सर मला म्हणाले, "चला मॅडम, कौसाबाईंना पेढे देऊन येऊ." सरांना निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. मलाही भरून आलं होतं, मी लगेच निघाले.

कौसाबाईंनी ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं. सरांनी पेढ्याचा पुडा पुढे केला आणि म्हणाले, "तुमच्या घरच्या सगळ्या बाटल्या चांगल्या राहिल्या."

"राहणारच की!" त्यांचा चेहरा फुलला. "पोटच्या लेकरावानी जपल्या. ऊन वाढलं की माठाखालच्या वाळूत पुरून ठिवत होते. सांज-सकाळ पाणी शिंपडत होते. तुमी यायच्या दिवशी पुन्हा फळीवर मांडायच्या. दुसऱ्याची वस्तू, खराब करून कशी द्यावी माणसानं?"

मी सरांकडे बघायचं टाळलं. तापमापक तेवढा दोन महिने खिळ्यालाच होता, कारण तो खराब होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याखालची फळी आठवड्यातले सहा दिवस रिकामी होती आणि सर रविवारी येऊन शेहेचाळीस अंश लिहून नेत होते. मग त्यांनी पुड्यातला एक पेढा काढून कौसाबाईंच्या हातावर ठेवला, एक स्वतः खाल्ला आणि म्हणाले, "लई चांगलं केलंत."

मग आम्ही बाकीच्या चार घरी गेलो आणि डोकं पार फिरून गेलं. एका घरात नवरा म्हणाला फळीवर होत्या, बायको म्हणाली वाळूत, आणि सासूबाई म्हणाल्या, "तुमी दोगं गप बसा, मी कणगीत ठिवल्या होत्या." शाळेतल्या गुरुजींच्या घरी रविवार सोडून बाटल्या सरळ फ्रिजच्या दारात असायच्या, आईसक्रीमच्या डब्याशेजारी. एका घरात शपथेवर सांगितलं की हलवल्या नाहीत, आणि निघताना म्हाताऱ्यानं सरांना बाजूला घेऊन विचारलं, "सर, तुमाला कसं पायजे ते सांगा. तसं सांगतो." सर दर घरी चष्मा पुसत होते. कोणती बाटली किती दिवस तापली आणि किती दिवस गार राहिली, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

चाकूरच्या बसस्टँडवर आम्ही लातूरच्या गाडीची वाट बघत बसलो. माझा मात्र भडका उडाला होता. मी म्हटलं, "सर, तुम्ही त्या बाईला एक शब्द बोलला नाहीत. सगळं वाटोळं केलं तिनं."

सर म्हणाले, "मॅडम, आमच्या गावात माझ्या आज्याला माठाला शिवू देत नव्हते. लांबून ओंजळीत पाणी घालायचे. या बाईनं माझी बाटली तिच्या घरच्या माठाखाली ठेवली आणि दोन महिने पाणी शिंपडलं. मी रागावू का रडू, मलाच कळून न्हाई राहिलं."

गाडी आली, आम्ही चढलो. लातूर येईपर्यंत मला सरांकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हैदराबादला कळवून टाकलं की निकाल मागे घेतो आहे. प्राचार्य त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "अहो सर, काही बाटल्या तरी खरंच तापल्या असतील ना?"

"असतील."

"मग त्या टिकल्याच ना?"

"मला माहीत न्हाई."

"कुणाला कळणार आहे?"

सरांनी चष्मा काढला. "उद्या कुणी विचारलं आणि खोटं निघालं, तर ते माझं एकट्याचं खोटं राहत न्हाई, सर. आमच्या सगळ्या पोरांच्या नावावर चढतंय. आणि कुणाची तरी अक्का ती बाटली टोचून बसंल."

प्राचार्य पाय आपटत गेले. खरं सांगते, त्या दिवशी मलाही सरांचा राग आला होता. तळटीप घालून, जरा सावरून मांडता आलं असतं, असं मला वाटत होतं. आजही मधूनच वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. फ्लेक्स मात्र कुणी काढला नाही. दिवाळीनंतर वाऱ्यानं फाटला तेव्हाच गेला.

पुढचा उन्हाळा सरांचा शेवटचा होता. जूनमध्ये निवृत्ती, मग ना प्रयोगशाळा ना कपाट. एप्रिलच्या मध्याला सुट्टी लागली आणि सर बाटल्या घेऊन निघून गेले. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा नांदेडहून फोन. ती रडकुंडीला आली होती. "मॅडम, बाबा कौसाबाईंच्या त्या पत्र्याच्या खोलीत दिवसभर बसून असतात. त्यांना बीपी आहे. माझं ऐकत नाहीत, तुम्ही तरी सांगा."

त्या उन्हाळ्यात काय निघालं ते आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. एकाच दिवशी बनवलेल्या, एकाच फळीवर ठेवलेल्या बाटल्या होत्या. काही जशाच्या तशा राहिल्या, काही पार निकामी झाल्या. कुठल्या आणि का, याला काही धरबंद नाही. निकालाचा कागद सरांनी माझ्यासमोर ठेवला तेव्हा मला वाईट वाटलं. ते मात्र खूश होते. "गेल्या वर्षीचा गोंधळ माणसांचा होता, मॅडम. हा औषधाचा हाय. याच्यावर काम करता येतंय." कोण करणार, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अक्का अजून जुनंच इन्सुलिन घेतात. आणि लोक मला भाजी घेताना विचारतात, जमलं का.

तर मुलीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेले. दुपारचे दोन वाजत आले होते. पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून भट्टीसारखी झळ येत होती. सोयाबीनच्या पोत्यांना टेकून, लाकडी खुर्चीवर सर बसलेले. बनियन अंगाला चिकटलेलं, मांडीवर वही, समोर फळीवर बाटल्या.

मी आत पाय ठेवला आणि भांडायलाच लागले. "सर, हे काय चाललंय? मरायचंय का तुम्हाला? खोलीला कुलूप लावा आणि घरी जा."

"कुलूप लावलं म्हंजी कौसाबाईंवर विश्वास न्हाई असं झालं की. त्यांचं घर, त्यांची खोली."

"मग त्यांना नीट समजावून सांगा."

"सांगितलं. हाव म्हणाल्या." सर हसले. "गेल्या वर्षीबी हाव म्हणाल्या होत्या."

हा माणूस एका बाईचं मन दुखवायचं नाही म्हणून पत्र्याखाली स्वतःला शिजवत बसला होता. त्याला शहाणा म्हणावं की वेडा, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. मी दारातच पदरानं वारा घेत उभी राहिले. तेवढ्यात मागून कौसाबाई आल्या. त्यांच्या हातात निथळणारा टॉवेल होता. मला बाजूला सारून त्या सरळ आत शिरल्या.

सर खुर्चीतून अर्धवट उठले. "अहो, बाटल्यांना न्हाई! कौसाबाई, बाटल्यांना हात न्हाई लावायचा!"

"न्हाई लावत. हात लावू नका म्हणलाव, न्हाई लावला," कौसाबाई म्हणाल्या. "पर तुमाला लावू नका असं कवा म्हणलाव?"

आणि त्यांनी तो टॉवेल सरांच्या डोक्यावर ठेवला, कानांवरून खाली ओढला आणि वरून हलकेच थापटला.

सर घाबरले. "खोली गार होईल ना ओ!" टॉवेल काढायला त्यांनी हात वर नेला, पण नजर भिंतीवरच्या तापमापकाकडे. आम्ही तिघंही तिकडे बघत राहिलो. एक मिनिट गेलं, दोन गेली. पारा शेहेचाळीसवर होता, तिथंच राहिला.

सरांनी हात खाली घेतला. पोत्यावर टाकलेल्या शर्टाच्या खिशातलं पहिलं पेन चालेना, दुसरं काढलं. मी मागून वाकून बघितलं. वेळ लिहिली, अंश लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'ओला टॉवेल, कौसाबाई. बाटल्यांवर नाही, माझ्या डोक्यावर.' टॉवेलाचं पाणी कागदावर टपटपायला लागलं. सरांनी वही जरा लांब सरकवली आणि डोळे मिटून घेतले.